पीएमएमसी फ्लॅपचा मागचा कोपराच का काळा पडतो? (बायपॅडल आणि घशाच्या पेशंटबद्दलही विचारायचंय)

बालाघाट_ईएनटी

नमस्कार. जिल्ह्याच्या ठिकाणी काम आहे, मायक्रोव्हॅस्क्युलरची (बारीक रक्तवाहिन्या जोडण्याची) सोय नाही. गालाच्या आणि हिरडीच्या कॅन्सरनंतर भरणीसाठी हाताशी असतो तो छातीचाच फ्लॅप, म्हणजे पीएमएमसी: छातीचा मोठा पेक्टोरल स्नायू कातडीसकट, त्याच्या रक्तवाहिन्या न तोडता वर वळवायचा. तीन शंका आहेत.

एक. गालाचं आतलं अस्तर आणि खालच्या जबड्याची वरची कड काढून पॅडल (फ्लॅपवरचा कातडीचा तुकडा) बसवलं, की चौथ्या-पाचव्या दिवशी शेवटच्या दाढेमागचा कोपरा काळपट पडतो. तिथले टाके सुटतात आणि लाळ मानेत झिरपते. बाकीचं पॅडल उत्तम असतं. छातीवर पेडिकल (रक्तवाहिन्यांचा देठ) डोळ्यांनी पाहिलेलं असतं, ठोका लागलेला असतो. मग चुकतं कुठं?

दोन. गाल आरपार गेला असेल तर बायपॅडल (आत एक, बाहेर एक अशी दोन पॅडलं) करतो. पण मिश्री लावणाऱ्या बायकाही बऱ्याच येतात. त्यांच्यात बायपॅडल करावं का?

तीन. रेडिएशन होऊन परत उलटलेल्या स्वरयंत्राच्या कॅन्सरमध्ये टोटल लॅरिंजेक्टॉमीनंतर (पूर्ण स्वरयंत्र काढल्यावर) घशावर स्नायू टाकायचा तो कातडीसकट की नुसता?

'मोठ्या शहरात पाठवा' हे उत्तर माहीत आहे. उचल घेतलेला ऊसतोडवाला मुंबईला जातो म्हणतो आणि चार महिन्यांनी गाठ दुप्पट करून परत येतो. जे जाणारच नाहीत, त्यांच्यासाठी विचारतोय.

सुईदोरा

डॉक्टर, हा फ्लॅप छातीत क्वचित मरतो. तो मरतो मानेत, नाहीतर मोजमापात. 1979 मध्ये आरियान यांनी हा फ्लॅप मांडला तेव्हापासून त्याची शिरा (रक्त आणणारी धमनी) तिथंच आहे. ॲक्रोमियनपासून (खांद्याच्या हाडाचं टोक) छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत रेघ ओढा, हसळीच्या (गळ्याखालचं आडवं हाड) मध्यापासून त्या रेघेवर लंब टाका. थोरॅकोअक्रोमियल धमनीची पेक्टोरल शाखा त्या लंबावरून उतरते आणि पुढं रेघेला धरून चालते. एवढ्या भरवशाच्या शिरा शरीरात फार थोड्या आहेत. त्यामुळे कोपरा गेला की पेडिकलवर संशय घेण्याआधी बाकीचं तपासा.

पहिला संशय पॅडल कुठं आखलं यावर. मागच्या कोपऱ्यात जातं ते पॅडलचं सगळ्यात खालचं टोक. लांबी मिळावी म्हणून ते टोक स्नायूच्या खाली, पोटाच्या रेक्टस शीथवर (पोटाच्या स्नायूवरचं आवरण) सरकवलेलं असतं. तिथल्या कातडीला खालून स्नायूचा पुरवठा नाही, ती शेजारच्या कातडीच्या उसन्या रक्तावर जगते. पॅडलचा किमान दोन-तृतीयांश भाग स्नायूवर हवा, आणि स्नायूबाहेरचा भाग दोन-तीन सेंटीमीटरच्या पुढं नको. म्हणून कातडीचा चर देताना आधी बाहेरची कड उघडा, स्नायूची कड कुठं आहे ते डोळ्यांनी बघा. पॅडल घसरतंय असं वाटलं तर आत्ताच वर किंवा आत सरकवा. चारही बाजू कापून झाल्यावर काही करता येत नाही.

दुसरं, मोजणी. ओल्या गॉजची पट्टी घ्या. एक टोक हसळीच्या मध्याखाली बोटानं दाबून धरा, दुसरं टोक कापून राहिलेल्या खड्ड्याच्या सगळ्यात लांबच्या बिंदूला, म्हणजे तुमच्या त्या दाढेमागच्या कोपऱ्याला लावा. मान सरळ ठेवून मोजा. ऑपरेशनसाठी मान उलट बाजूला वळवलेली असते, त्या स्थितीत मोजलं तर हिशेब चुकतो. मग तीच पट्टी हसळीवरचं बोट न हलवता छातीवर फिरवा आणि वर दोन सेंटीमीटर धरा. माप गाठ काढून झाल्यावरच घ्या. आधी आखलेलं पॅडल हमखास लहान पडतं.

लांबी कमी पडली तर ओढून टाके घालू नका, वाट मोकळी करा. लॅटरल थोरॅसिक धमनी तोडली की स्नायू बराच सुटतो. ती छोट्या पेक्टोरल स्नायूच्या बाहेरच्या कडेला असते. खांद्याकडचा टेंडन पूर्ण तोडायचा. वर हसळीजवळ पेडिकलच्या दोन्ही बाजूंचे स्नायूचे धागे सोडवले की तिथला फुगवटाही जातो आणि फिरायला जागा मिळते. पेक्टोरल नर्व्हच्या शाखा पेडिकलवर आडव्या जातात. स्नायू वर फिरवला की त्या सुतळीसारख्या ताठ होऊन शिरेवर बसतात. त्या तोडायच्या. त्यानं स्नायू पुढं वाळतो आणि मानेतला उंचवटाही उतरतो.

आता टनेल, म्हणजे छातीवरून मानेत जाणारी कातडीखालची वाट. हसळीवरून चार बोटं आडवी सहज गेली पाहिजेत. तीन बोटं 'जमतंय की' म्हणून चालवून घेतली जातात, आणि संध्याकाळी सूज आली की तोच टनेल शिरेवर आवळतो. धमनी टिकते, नीला (रक्त परत नेणारी शीर) दबते, आणि सगळ्यात लांबचा कोपरा आधी निळा होतो. तुमचं चित्र याच्याशी जुळतं. फ्लॅप ओढताना चिमट्यानं कातडी धरायची नाही. कॅमेऱ्याचं निर्जंतुक प्लास्टिक कव्हर सलाइननं ओलं करून त्यातून सरकवा. आणि त्याआधी, छातीवर असतानाच, पॅडलची कड स्नायूला 3-0 व्हिक्रिलनं (विरघळणारा धागा) दीड-दोन सेंटीमीटरवर टाचून घ्या. नाहीतर कातडी आणि स्नायू एकमेकांवर घसरतात आणि मधल्या बारीक पर्फोरेटर (स्नायूतून कातडीत जाणाऱ्या रक्तवाहिन्या) तुटतात. ठोका लागतो तो स्नायूचा. कातडी तोपर्यंत गेलेली असते.

शेवटचं कारण वजन. स्नायू ओला आणि जड असतो, माणूस उठून बसला की खाली ओढतो. ते ओझं कातडीच्या टाक्यांवर सोडायचं नाही. जबड्याच्या उरलेल्या हाडाला बारीक ड्रिलनं दोन-तीन भोकं पाडा आणि स्नायू तिथं टांगा. मागं टेरिगॉइड (जबड्याच्या आतल्या बाजूच्या) स्नायूचा उरलेला भाग असेल तर त्यालाही. इनसेट (फ्लॅप जागेवर शिवणं) नेहमी मागच्या कोपऱ्यापासून सुरू करायचा. सोपं म्हणून पुढून सुरुवात केली तर शेवटी मागं हातही पोचत नाही आणि कातडीही उरत नाही.

छातीवर दोन गोष्टी जपा. बरगड्यांमधून येणाऱ्या पर्फोरेटर आत आखडल्या तर आर्टरी फोर्सेप्स खोल खुपसू नका, प्लुरा (फुफ्फुसाचं आवरण) फाटतो. मिटवण्याआधी जखमेत सलाइन भरून ॲनेस्थेटिस्टला फुफ्फुस फुगवायला सांगा, बुडबुडे दिसले तर तिथंच कळेल. आणि पॅडलपासून काखेच्या घडीकडे जाणारा चर असा घ्या की डेल्टोपेक्टोरलचा (छातीच्या वरच्या भागातून खांद्याकडे जाणारा कातडीचा फ्लॅप) इलाखा शाबूत राहील, छातीच्या मधल्या हाडाच्या कडेच्या दुसऱ्या-तिसऱ्या पर्फोरेटरना हात लागू नये. पुढं काही बिनसलं तर तोच फ्लॅप उपयोगी पडतो.

बायपॅडलबद्दल थोडक्यात. किरकोळ, कष्टकरी पुरुषाच्या पातळ छातीवर ते छान बसतं. लांब पॅडल घेऊन मध्ये साधारण एक सेंटीमीटरची पट्टी, फक्त वरची साल काढून, डर्मिस (कातडीचा आतला थर) ठेवून आखायची. डर्मिस कापला की पलीकडच्या पॅडलचं रक्त निम्मं तुटतं. घडी करकचून घालू नका. बायकांमध्ये स्तनाची चरबी मध्ये येते, कातडीचा स्नायूशी संबंध ढिला होतो आणि बाहेरचं पॅडल दगा देतं. तिथं स्तनाखालच्या घडीतून एकच पॅडल घेऊन आतलं अस्तर भरायचं आणि बाहेरच्या कातडीला डेल्टोपेक्टोरल. त्याचा देठ साधारण तीन आठवड्यांनी सोडवावा लागतो. दुसऱ्यांदा यावं लागेल हे नातेवाइकांना आधीच सांगा.

मांजराकाठ

सुईदोरा सरांशी सहमत. एक भर: हनुवटीचा मधला कमानीचा भाग काढलेला असेल तर पीएमएमसी आणि धातूची प्लेट यांवर भागवू नका. प्लेट काही महिन्यांत कातडीतून बाहेर डोकावते, खालचा ओठ लोंबतो आणि लाळ थांबत नाही. तिथं हाड हवं, म्हणजे पायाचं फिब्युला. त्या पेशंटला कसंही समजावून पाठवाच. बाजूचा, मागचा जबडा गेला असेल तर हाडाशिवाय चालतं. जबडा थोडा त्या बाजूला सरकतो, दातांना गाइड लावून आवरतो.

घशाचं सांगतो. आधी उरलेल्या म्यूकोसाची (घशाच्या आतल्या अस्तराची) रुंदी मोजा. न ताणता दीड आणि ताणून अडीच सेंटीमीटर भरली तर नुसती मिटवता येते, हे आकडे धरून चालतात. पण रेडिएशन झालेल्या घशात या हिशेबाच्या काठावर चालायचं नाही. रुंदी कमी असेल तर कातडीसकट पॅडल पुढच्या भिंतीत ठिगळासारखं बसवा. रुंदी पुरेशी असेल तर म्यूकोसा आपला आपल्याशी मिटवा, आतल्या बाजूला वळणारा टाका, 3-0 व्हिक्रिल, आणि त्यावर कातडी नसलेला नुसता स्नायू पांघरा. वर जिभेच्या मुळाच्या स्नायूला, बाजूंनी प्रीव्हर्टिब्रल फॅशियाला (मणक्यासमोरचं आवरण) टाचा. किरणं न लागलेल्या छातीचं ताजं रक्त त्या शिवणीवर येतं. फिस्टुला (शिवण उघडून लाळ झिरपणारं भोक) पूर्ण टळतोच असं नाही, पण झाला तरी लहान राहतो आणि कॅरोटिडवर (मानेतली मोठी धमनी) स्नायूचं झाकण असतं. हे झाकण जास्त महत्त्वाचं.

शिवण टी आकारात आली तर तीन रेघा मिळतात तो बिंदू सगळ्यात कच्चा. स्नायूचा जाड भाग तिथं आला पाहिजे. जमलं तर आडवी किंवा उभी एकच रेघ करा.

आणि मानेची कातडी त्या जाडीवर ओढून मिटवायचा मोह धरू नका. ताणली तर स्नायू दबतो, स्टोमाही (गळ्यावरचं श्वासाचं भोक) आवळतो. उघड्या स्नायूवर मांडीची स्किन ग्राफ्ट टाका. दिसायला बरं नाही, टिकायला बरं.

पूर्ण गोल घसा गेला असेल तर पॅडलची नळी वळायचा प्रयत्न बहुधा फसतो. चरबी आणि स्नायूमुळे नळीत पोकळीच उरत नाही. त्यापेक्षा पॅडल साधारण 270 अंशांत घोड्याच्या नालासारखं घेऊन दोन्ही कडा प्रीव्हर्टिब्रल फॅशियाला शिवा, मागची भिंत आपोआप अस्तर धरते.

ऑपरेशनआधी टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) बघितलंय का? मानेला रेडिएशन झालेल्यांत थायरॉइड अनेकदा मंदावलेली असते आणि कोणी तपासत नाही. टाके पक्के, रक्त चांगलं, तरी जखम भरत नाही, त्याचं कारण पुष्कळदा एवढंच निघतं. हिमोग्लोबिन 10 च्या आणि अल्ब्युमिन 3 च्या वर आणून मगच टेबलावर घ्या. आठ-दहा दिवस नळीतून खाऊ घालण्यात जातील, जाऊ द्या.

बालाघाट_ईएनटी

सर, टनेल खरंच तीन बोटांचा असतो, हे मान्य. पण एक विचारतो: लहान खड्ड्याला, समजा गालाचा चार सेंटीमीटरचा तुकडा, तिथं छाती उघडणं जास्त होत नाही का? सबमेंटल फ्लॅप (हनुवटीखालच्या कातडीचा) पटकन होतो, असं बरेच जण म्हणतात.

मांजराकाठ

पटकन होतो, बरोबर. पण आपल्याकडचा कॅन्सर बहुतेक गाल-हिरडीचा. तो पहिल्यांदा पसरतो जबड्याखालच्या लेव्हल एक-बीच्या गाठींत, आणि सबमेंटल फ्लॅपची शिरा नेमकी त्याच चरबीतून जाते. शिरा जपायची तर गाठी नीट निघत नाहीत, गाठी काढायच्या तर शिरेची काळजी. गाठी संशयास्पद असतील तर माझ्या मते तो फ्लॅप नकोच. एन-झिरो (गाठींत कॅन्सर पसरल्याची खूण नसलेली) मान आणि हात बसलेला असेल तर करा.

चार सेंटीमीटरला आधी बकल फॅट पॅड (गालातली चरबी) बघा. मागच्या गालाला तो छान पुरतो, उघडा ठेवला तरी तीन-चार आठवड्यांत त्यावर अस्तर येतं. नाहीतर नाकाशेजारचा नेसोलेबियल. मात्र त्याचा देठ खालचा असेल तर फेशियल धमनी मानेत बांधलेली नसावी.

सुईदोरा

इथं थोडं वेगळं म्हणतो. फॅट पॅड बरा, पण सबम्यूकस फायब्रोसिस (तोंडाचं अस्तर ताठ होण्याचा आजार) असलेल्या तोंडात तो आकसतो आणि वर्षभरात तोंड पुन्हा दोन बोटांवर येतं. गुटखा 2012 पासून राज्यात बंद आहे. बंद म्हणजे कागदावर. ओपीडीत तिशीतली पोरं बोटभर तोंड घेऊन बसतात. अशा ठिकाणी फ्लॅप मोठाच टाका, आणि त्याच वेळी दोन्ही बाजूंचं कोरोनॉइड (खालच्या जबड्याचं वरचं टोक) काढा. एका बाजूचं काढून दुसरी बाजू तशीच आखडलेली ठेवली तर जबडा उघडणार कसा?

रात्रपाळी_सिस्टर

सगळ्या सरांना नमस्कार. ऑपरेशन संध्याकाळी संपतं आणि फ्लॅप बिघडतो रात्री दोन वाजता, म्हणून वॉर्डातलं सांगते.

ट्रॅकिओस्टॉमीची (श्वासासाठी गळ्यात घातलेल्या नळीची) फीत हा सगळ्यात मोठा शत्रू. फ्लॅपचा देठ मानेतूनच वर आलेला असतो आणि आपण त्याच्यावरून गाठ मारतो. नळीची पट्टी चारही कोपऱ्यांत 2-0 सिल्कनं कातडीला शिवायला सर्जनना सांगा, फीत लागतच नाही. ऑक्सिजन मास्कचं इलॅस्टिक आणि मानेभोवतीचं पट्टीचं वेटोळं, दोन्ही तेच काम करतात. पाहुणे येऊन प्रेमानं गळ्यात उपरणं गुंडाळतात, तेही काढायचं.

डोकं सरळ किंवा किंचित फ्लॅपच्या बाजूला कललेलं, डोक्याकडची बाजू 30 अंश वर. दुसऱ्या बाजूला मान वळवली की देठ ताणतो. उशी मानेखाली नको.

पहिले 48 तास दर दोन तासांनी बघायचं आणि लिहायचं. पिवळ्या मोबाइल टॉर्चमध्ये रंग फसवतो, पांढरा उजेड घ्या. सावळ्या कातडीत दाबून सोडल्यावरचा रंगही नीट कळत नाही. शंका आली तर डॉक्टरांना विचारून पॅडलच्या कडेला 24 नंबरची सुई टोचा, देठाच्या बाजूला नाही. दोन-तीन सेकंदांत लाल थेंब आला तर ठीक. काळसर रक्त भराभर आलं तर नीला दबलेली. काहीच आलं नाही तर धमनी. नीला दबली असेल तर ते आपल्या हातात पुष्कळदा असतं: फीत, पट्टी, मान आणि ड्रेन (साचलेलं रक्त-पाणी बाहेर काढणारी नळी) तपासा. मान एका बाजूला फुगली आणि ड्रेन मात्र रिकामा असेल तर ड्रेनमध्ये गुठळी आहे, आत रक्त साचतंय. तेव्हा सकाळची वाट बघायची नाही, लगेच फोन करायचा. दोन-चार टाके सोडून गुठळी काढली की फ्लॅप परत रंग धरतो.

ड्रेनचा रंगही वाचायला शिका. नळीतून दूध सुरू केल्यावर पांढरं आलं तर काइल (आतड्यातून येणारा चरबीचा दुधाळ द्रव). गढूळ, तार धरणारं, वास येणारं आलं तर लाळ. दोन्हींचे उपचार वेगळे. काइलला आधी आहारातलं तेल-तूप बंद होतं. घशाच्या पेशंटमध्ये पाचव्या ते दहाव्या दिवशी मानेची कातडी लाल दिसली आणि ताप आला, तर फिस्टुला उघडण्याआधीच सांगून टाका. आणि अशा फिस्टुलात चमचाभर ताजं रक्त आलं आणि थांबलं, तरी 'थांबलं ना' म्हणून सोडू नका. ते कॅरोटिडचं असू शकतं. लागलीच वरच्यांना हाक मारा, रक्ताची पिशवी मागवा.

छातीचा ड्रेन 24 तासांत 30 मिलीच्या खाली आल्याशिवाय काढू नका. लवकर काढला की तिथं पाणी साचतं.

नळीचं खाणं: दिवसाला किलोमागे 30 ते 35 कॅलरी आणि साधारण सव्वा ते दीड ग्रॅम प्रोटीन. महिनाभर नुसत्या चहावर असलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी एवढं भरू नका, पोटॅशियम-फॉस्फेट घसरतं. अर्ध्यापासून सुरुवात, आधी थायमिन. घरून आणतात तेव्हा दूध, उकडलेलं अंडं मिक्सरमधून, मुगाच्या डाळीचं गाळलेलं पाणी, साखर, चमचाभर तेल असं सांगते. ज्वारीची पेज गाळल्याशिवाय घातली तर 14 नंबरची नळी हमखास तुंबते. प्रत्येक वेळी 50 मिली पाणी मागाहून द्या.

तोंडानं कधी सुरू करायचं ते सरांनी सांगायचं. पण नातेवाईक विचारायच्या आधीच पाजतात, 'सिस्टर, घोटभर च्या पाजलाव, काही हुतंय का?' म्हणून पलंगाला मोठ्या अक्षरात पाटी लावा.

मांजराकाठ

सिस्टरनी फीतबद्दल लिहिलं ते ऑपरेशन थिएटरच्या भिंतीवर लावावं. तोंडाच्या फ्लॅपला साधारण सात ते दहा दिवसांनी, रेडिएशन झालेल्या घशाला 14 दिवसांनी, तेही आधी रंगीत पाणी पाजून आणि गळती नाही हे बघून.

कोपरा काळा पडलाच तर घाईनं कापू नका. कातडी गेली तरी खालचा स्नायू बहुतेक वेळा जिवंत असतो. सीमारेषा स्पष्ट होऊ द्या, मृत पापुद्रा उचला, गुळण्या-ड्रेसिंग सुरू ठेवा, स्नायूवर अस्तर येतं. लाळ मानेत जात असेल तर तिला मध्यरेघेकडे वाट करून द्या, कॅरोटिडवरून वाहू देऊ नका. हिशेब दिवसांचा आहे: ऑपरेशननंतरचं रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हायला हवं. संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयातली तारीख, जन आरोग्य योजनेचे कागद हे टाके काढायच्या आधीच लावून ठेवा.

खांदा_जबडा_फिजिओ

मोठा पेक्टोरल गेल्यावर हात जवळ ओढणं आणि आत वळवणं कमजोर होतं. त्यात मानेच्या ऑपरेशनमध्ये ॲक्सेसरी नर्व्ह (खांदा उचलणाऱ्या स्नायूची) दुखावली असेल तर खांदा लोंबतो. कोयता चालवणाऱ्याला हे आधी सांगायला हवं. ड्रेन निघाल्यावर लोंबत्या हाताचे हेलकावे सुरू करा. तीन आठवडे हात खांद्याच्या वर नेऊ नका, छातीची शिवण ताणते. त्यानंतर भिंतीवर बोटांनी चढायचं, रोज पोचलेल्या जागी खडूची खूण.

तोंडासाठी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या. दहाव्या दिवसापासून, सर्जनची परवानगी असेल तर, पुढच्या दातांमध्ये बसतील तेवढ्या काड्या ठेवून दिवसातून पाच वेळा पाच मिनिटं, आठवड्याला एक काडी वाढवायची. रेडिएशन चालू असतानाही बंद करायचं नाही. तेव्हाच तोंड जास्त आखडतं. काड्यांची संख्या केसपेपरवर लिहा, 'तोंड बरं उघडतंय' असं लिहू नका.

बालाघाट_ईएनटी

सर्वांचे आभार. पुढच्या केसला टनेल चार बोटांचा, मागून इनसेट, नळी शिवलेली. एकच राहिलं: पुरुषांत तोंडात केस उगवतात त्याचं काय सांगायचं? 'डॉक्टर, तोंडात केस कशामुळं येऊ लालेत?' हा प्रश्न ठरलेला असतो.

सुईदोरा

आखतानाच छातीचा कमी केसांचा भाग निवडा, बहुतेकांत तो स्तनाग्राच्या खाली-आत सापडतो. रेडिएशन झालं की बरेचसे केस गळतात. उरले तर छोट्या कात्रीनं कापायचे, उपटायचे नाहीत. मुळाशी पू होतो. ऑपरेशनच्या संमतिपत्रावर हे वाक्य आधीच लिहून घ्या.